प्रबंध ऑनलाइन भांडारात देताना: गोव्यातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी

गोव्यात मराठीतून झालेले संशोधन कुणी वाचत नाही, अशी तक्रार नेहमी कानावर येते. विषय कमी पडतात असे नाही. धालो आणि जागर या लोककला, देवस्थानांची जुनी कागदपत्रे, पोर्तुगीज अमदानीतली मराठी नियतकालिके, यांवर गोव्यात नाही तर कुठे काम होणार? अडचण अशी की प्रबंध शोधणाऱ्याला सापडतच नाही. पुष्कळदा फाइलच अशी दिलेली असते की संगणकाला तिच्यात मराठी दिसत नाही. म्हणून या लेखात बटण कुठले दाबायचे यापेक्षा त्याआधी काय करायचे, तेच जास्त सांगितले आहे.

प्रबंध जातो कुठे

ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे स्वतःचे डिजिटल भांडार आहे. शिवाय पीएच.डी.चा प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात जातो. ते गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र चालवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २००९च्या नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे विद्यापीठांना बंधनकारक झाले. शोधगंगेवर प्रबंध बहुधा विद्यापीठाचे समन्वयकच चढवतात, विद्यार्थी नव्हे. आपण ग्रंथालयाला जे देतो तेच तिथे दिसते. एम.ए., एम.कॉम.चे लघुप्रबंध शोधगंगेत जात नाहीत. त्यांचे काय करतात ते आपल्या विभागात विचारून घ्या.

आधी फॉन्ट तपासा

हे काम व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, कितीतरी आधी, खरे म्हणजे पहिले प्रकरण टाइप करायला देण्यापूर्वीच करायचे. डीटीपीवाले अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून देतात. छापील पानावर अक्षर सुरेख दिसते, पण फाइलच्या आत मराठी नसतेच, रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. फॉन्ट त्यांना मराठीचा आकार देतो एवढेच. अशा प्रबंधात ‘धालो’ शोधले तर संगणक काहीच नाही म्हणतो. मजकूर दुसरीकडून उचलला आहे का ते पाहणाऱ्या, म्हणजे साम्य तपासणाऱ्या, सॉफ्टवेअरलाही त्यातले काही वाचता येत नाही.

तपासणी सोपी आहे. पीडीएफ उघडा, मधल्याच एखाद्या पानावरची दोन वाक्ये कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तीच वाक्ये जशीच्या तशी उमटली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, आणावा लागेल. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. ‘पूर्व’, ‘संघर्ष’, ‘क्षेत्र’ असे शब्द पानोपानी डोळ्यांखालून घालावेच लागतात. मजकूर युनिकोडमध्ये असूनही पीडीएफ करताना गडबड होते. ‘किल्ला’मधली पहिली वेलांटी दुसऱ्याच अक्षराला जाऊन चिकटते. अशा वेळी ‘प्रिंट’मधून पीडीएफ न करता वर्डमधल्या ‘सेव्ह ॲज’मधून करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटते. स्कॅन केलेली पाने मात्र देऊ नका. सह्यांचे प्रमाणपत्र तेवढे स्कॅन चालते.

कुठली प्रत, कुठली फाइल

व्हायवाआधी सादर केलेली आणि परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या केलेली, अशा दोन प्रती संगणकावर जवळजवळ एकाच नावाने पडलेल्या असतात. भांडारात दुसरी जायला हवी. शोधगंगेसाठी प्रबंधाचे तुकडे करावे लागतात. मुखपृष्ठ, प्रमाणपत्रे, अनुक्रमणिका, गोषवारा, एकेक प्रकरण, संदर्भसूची, अशी प्रत्येकाची वेगळी पीडीएफ आणि नावाच्या सुरुवातीला दोन आकडी क्रमांक. नावात देवनागरी अक्षरे किंवा मोकळी जागा नको. पीडीएफला पासवर्ड तर मुळीच नको.

साम्य-तपासणीचा अहवाल मार्गदर्शकांच्या सहीने जोडावा लागतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. संदर्भसूची, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे मोजणीतून वगळतात. तेव्हा ओवी किंवा लोकगीत उतरवले असेल तर अवतरणचिन्हे आणि स्रोत दोन्ही नीट द्या, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

परवानग्या आणि परिशिष्टे

लोककलांवर काम करणाऱ्यांनी इथे घाई करू नये. परिशिष्टात गावातल्या बायाबापड्यांची नावे, वय, पत्ता, मोबाइल नंबर असे सगळे छापलेले असते. बांधीव प्रतीत ते चार जणांनी पाहिले, ऑनलाइन ते जगाला दिसते. नंबर आणि पत्ते काढून टाका. नाव आणि फोटो ठेवायचे असतील तर ते ऑनलाइन दिसणार असे सांगून त्यांना विचारा, नुसते ‘माहिती हवी’ म्हणून नव्हे. पुराभिलेख खात्यातल्या कागदाची किंवा कुणाच्या घरातल्या पोथीची छायाचित्रे असतील तर ती प्रसिद्ध करायची लेखी परवानगी जवळ असू द्या.

प्रबंधाचा कॉपीराइट साधारणपणे लेखकाकडेच राहतो. भांडाराला आपण फक्त ठेवण्याची आणि दाखवण्याची मुभा देतो. पुस्तक काढायचे असेल किंवा विज्ञानशाखेत पेटंटचा अर्ज करायचा असेल, तर काही काळ प्रबंध खुला न करण्याची विनंती मार्गदर्शकांमार्फत आधीच लेखी द्या. पेटंटच्या बाबतीत हे विसरून चालत नाही. एकदा शोध जगजाहीर झाला की त्याचे नावीन्य गेले असे धरले जाऊ शकते.

फॉर्म भरताना

मेटाडेटाचा, म्हणजे शीर्षक, गोषवारा, कीवर्ड अशा माहितीचा, फॉर्म बहुतेक जण पाच मिनिटांत उरकतात, आणि प्रबंध सापडणे न सापडणे त्यावरच ठरते. शीर्षक मराठीत द्या, रोमन लिपीतही द्या. गोषवारा मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. कीवर्डमध्ये गावांची नावे तर हवीतच, कारण गोव्यात एकाच ठिकाणाला दोन-दोन नावे चालतात. पेडण्याला सरकारी कागदावर ‘पेर्नेम’ म्हणतात, डिचोलीला ‘बिचोलिम’, सांग्याला ‘सांगेम’. बाहेरचा संशोधक सरकारी नावानेच शोधणार आणि इथला माणूस आपल्या नावाने. दोन्ही लिहा. आडनावांचेही तसेच. कामत, परब, नाईक यांची रोमन स्पेलिंगे घरागणिक बदलतात. पदवीच्या कागदावर जे आहे तेच स्पेलिंग सगळीकडे ठेवा आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढून तो जोडा. तो फुकट मिळतो.

लिंक वाटताना

प्रबंध चढला की त्याला कायमची एक लिंक मिळते, तिला हँडल म्हणतात. बायोडेटात, लेखाच्या तळटिपेत, व्हॉट्सॲपवर हीच द्या. ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता संकेतस्थळ बदलले की मरतो. पीडीएफ स्वतंत्रपणे फिरवूही नका, जुनी प्रत हातोहात फिरत राहते. काही दिवसांनी लॉग-इन न करता, दुसऱ्याच्या मोबाइलवर शीर्षकातले दोन शब्द मराठीत टाकून प्रबंध दिसतो का ते पाहा. मग प्रत्येक फाइल उघडून बघा. एखादे प्रकरण राहिलेले किंवा दोनदा चढलेले असू शकते. तसे असेल तर हँडल क्रमांक देऊन ग्रंथालयाला ईमेल करा. फाइल बदलली तरी हँडल तोच राहू शकतो, तेव्हा तो बदलू नका एवढे त्यांना आवर्जून सांगा.