दगडातला समुद्री शंख कोणत्या जातीचा? घरबसल्या ओळख पटवण्याची पद्धत

कोल्हापूरच्या डोंगरांत समुद्री शंखाचा जीवाश्म शोधायला जाऊ नका. पन्हाळा, जोतिबा, गगनबावड्याचा घाट, सगळी लाव्हाची करणी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झालेला काळा बेसॉल्ट आणि माथ्यावर जांभा. तिथे समुद्र नव्हता. पण जीवाश्म कोल्हापुरातल्या घरांत येतात. कुणी नारायण सरोवराची यात्रा करून येतं, कुणी तमिळनाडूत अरियलूरकडे कामाला जातं, आणि येताना पिशवीत एखादा दगड असतो. मागच्या हिवाळ्यात माझा मावसभाऊ कच्छच्या अबडासा तालुक्यातून असाच एक घेऊन आला. शेतमालकाला विचारून बांधावरून उचललेला, स्क्रूसारखा निमुळता, विटकरी-पिवळा शंख. "दादा, ह्याचं नाव काय?" म्हणाला. त्या एका शंखावर जे जे केलं, तेच इथे क्रमाने सांगतो.

आधी चिठ्ठी, मग ब्रश

शंख हातात आला की पहिली गोष्ट ती जागा लिहून ठेवायची. गाव, तालुका, मोबाईलवरचं लोकेशन, दगड जमिनीवर सुटा होता की थरातच रुतलेला, थराचा रंग, सोबत आणखी काय दिसत होतं. जागा माहीत नसलेला जीवाश्म शोभेला चांगला, ओळखायला फार अवघड. माझ्याकडे एक सुंदर शंख आहे, त्याची चिठ्ठी घर बदलताना हरवली. त्याला आजतागायत नाव देता आलेलं नाही आणि आता येईल असं वाटतही नाही. संरक्षित जीवाश्म उद्यानातून मात्र काहीही उचलायचं नाही, फोटोवर भागवायचं.

मग सफाई. साधं पाणी, जुना टूथब्रश, वेढ्यांच्या खाचेतली माती काढायला लाकडी टूथपिक. ॲसिड, व्हिनेगर, लिंबू लावायचं नाही. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आंबट लागलं की फसफसतो, आणि ज्या बारीक रेघांवरून जात ठरते त्याच सगळ्यात आधी विरघळतात.

गोगलगायच आहे ना, आणि समुद्रातलीच ना?

गंडकीतल्या शाळिग्रामाचं चक्र अनेकांनी पाहिलेलं असतं. तो अमोनाइट, म्हणजे गोगलगायीपेक्षा माकूळ आणि नळ यांना जवळचा प्राणी. त्याची गुंडाळी बहुधा एकाच पातळीत, चकलीसारखी असते, आणि आत पडदे घालून कप्पे केलेले असतात. गोगलगायीचा शंख सहसा जिन्यासारखा उतरत येतो आणि आतली पोकळी सलग असते.

समुद्र की गोडं पाणी, हे शेजाऱ्यांवरून कळतं. त्याच दगडात कालवांची शिंपलं, प्रवाळ, समुद्री साळूचे काटे असले तर समुद्र. आमच्या दगडाला खालच्या बाजूने कालवाच्या शिंपल्याचा पापुद्रा चिकटलेला होता, त्यामुळे शंका उरली नाही. नागपूरजवळच्या टाकळीसारख्या ठिकाणी लाव्हाच्या दोन थरांमध्ये जे शंख मिळतात ते तळ्यातले. त्यांतली फायसा प्रिन्सेपी तर अभ्यासकांच्या चांगल्या ओळखीची.

शंख कसा धरायचा

इथे आपल्याकडे हमखास घोटाळा होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. शास्त्रात शंख धरताना शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे. तोंड उजव्या हाताला आलं तर उजवा, डाव्या हाताला आलं तर डावा. बहुतेक सगळे शंख उजवे निघतात. आता महाद्वार रोडवरच्या पूजासाहित्याच्या दुकानात दक्षिणावर्ती शंख मागून बघा. तो दाखवताना निमुळती नळी वर धरतात, म्हणजे शेंडा खाली. तेव्हा तोंड उजवीकडे दिसतं. तोच शंख शास्त्राच्या रीतीने उलटा केला की तोंड डावीकडे जातं. आपण ज्याला दक्षिणावर्ती म्हणतो तो शास्त्राच्या भाषेत डावा आहे. जुनं वर्णन वाचताना हे डोक्यात नसलं तर सुरुवातच चुकते. आणि टाकळीची ती फायसा? ती डावीच असते. त्या भागातला, तळ्याच्या थरातला फुगीर शंख डावा निघाला तर पहिला विचार फायसाचा करायचा.

शंख की नुसता साचा

पुष्कळदा खरं कवच विरघळून जातं आणि आत भरलेला चिखल तेवढा दगड होऊन उरतो. त्याला आतला साचा म्हणतात. तो गुळगुळीत असतो, वेढे एकमेकांपासून सुटे दिसतात. त्यावरून कुळापर्यंत पोचलात तरी खूप झालं, जातीचं नाव द्यायचा मोह आवरायचा. उलट कवच गेलं पण आजूबाजूच्या दगडात त्याचा ठसा राहिला असेल तर नशीब समजा. गंगावेशीतल्या कुंभार गल्लीतून मूठभर शाडू आणा, ठशावर बोटाने तेलाचा अगदी पुसट हात फिरवा, शाडू दाबा आणि हलक्या हाताने उचला. बाहेरची नक्षी जशीच्या तशी हातात येते.

मोजमाप आणि भिंग

गुजरीत सोनार वापरतात तसलं दहापट दाखवणारं भिंग या कामाला पुरतं. सोबत व्हर्नियर कॅलिपर किंवा निदान चांगली पट्टी. आमच्या शंखाची उंची 46 मिलिमीटर, खालची रुंदी 15, शेंडा तुटलेला, शिल्लक वेढे 9, शेंड्याचा कोन 15 ते 16 अंश.

आता तोंड. त्याची कड गोल आणि सलग आहे, की खालच्या टोकाला नळी किंवा खाच आहे? उंच निमुळते शंख पाहिले की सगळ्यांनाच टरिटेला म्हणायची सवय लागते, पण टेरेब्राला खाली स्पष्ट खाच असते, सेरिथियमला आखूड, किंचित वळलेली नळी आणि वेढ्यांवर बहुधा गाठी. टरिटेलाचं तोंड खाचेविना असतं आणि नक्षी वेढ्याबरोबर फिरणाऱ्या आडव्या कण्यांची, म्हणजे उठावदार रेघांची. ज्याभोवती वेढे फिरतात त्या आतल्या मधल्या दांड्यावर पिळाच्या घड्या आहेत का तेही बघा. पूजेच्या खऱ्या शंखात त्या असतात. त्याच्या जागी जो परदेशी डावा शंख विकला जातो, त्यात नसतात.

रेघा नीट दिसण्यासाठी खोलीत अंधार करून टॉर्च डावीकडून वर, अगदी तिरकी धरा. प्रयोगशाळेत यासाठी जीवाश्मावर नवसागराच्या धुराचा पांढरा पातळ थर देतात. कलईवाला भांडं तापवून टाकतो तोच हा नवसागर. धूर घशाला लागतो आणि थर राहिला तर ओल धरतो, म्हणून घरी टॉर्चच बरी.

तिरक्या उजेडात आमच्या शंखावर प्रत्येक वेढ्याच्या खालच्या भागात एक ठळक, धारदार कणा उठून दिसला. त्याच्या वर दोन बारीक कणे, आणि त्या सगळ्यांना छेदत जाणाऱ्या केसाएवढ्या वाढरेषा, म्हणजे शंख वाढताना उमटत गेलेल्या रेघा. त्या सरळ उतरत नाहीत, मधे मागे झुकतात. टरिटेलाच्या जातींचे गट पाडताना या झुकावाला फार महत्त्व आहे आणि हौशी लोक तोच बघायचा विसरतात. म्हणून वाढरेषेचं चित्र कागदावर काढाच. फोटोत ती अनेकदा येत नाही. सहाव्या वेढ्यावर एक गोल भोकही होतं, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं, बशीसारख्या कडेचं. ते जातीचं लक्षण नव्हे. नॅटिका कुळातली शिकारी गोगलगाय असं भोक पाडून आतला प्राणी खाते. सरळ भिंतींचं भोक असतं तर म्युरेक्स या दुसऱ्या शिकारी गोगलगायीच्या कुळाकडे बोट दाखवता आलं असतं.

नावाकडे

वर्गीकरण वरून खाली उतरवत जायचं: मृदुकाय संघ, उदरपाद वर्ग, टरिटेलिडी कुल, टरिटेला प्रजाती (म्हणजे जवळच्या अनेक जातींचा गट). ही प्रजाती लामार्कने 1799 साली मांडली. इथवर आमच्या शंखाची लक्षणं भक्कम होती.

जातीसाठी मात्र जुनी वर्णनं काढावी लागतात. कच्छचे जीवाश्म कॅप्टन ग्रँटने गोळा केले आणि जेम्स द कार्ल सोवर्बीने 1840 साली त्यांना नावं दिली. त्यांत टरिटेला अँग्युलाटा आहे, म्हणजे कोनदार. पुढे भूवैज्ञानिक व्रेडेनबर्गने वायव्य भारतातल्या मायोसीन (सुमारे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या) मृदुकायांवर पुन्हा काम केलं. दक्षिण भारतातल्या क्रेटेशियस, म्हणजे त्याहून कितीतरी जुन्या, डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या शंखांसाठी स्टोलिझ्काचं काम बघावं लागतं. ही चित्रं, तुमचा शंख आणि मोजमापं शेजारी ठेवून एकेक लक्षण जुळवा. जुळणारं लक्षण सापडलं की आनंद होतो, पण न जुळणारं शोधण्यात जास्त वेळ घालवा. थराचं वय जुळतं का तेही पाहा. आमचा थर मायोसीनचा, म्हणजे वय जुळलं. धारदार कणाही जुळला. पण शेंडा नाही, म्हणजे पिल्लू असतानाचे वेढे नाहीत, आणि तोंडाची बाहेरची कड, म्हणजे ओठ, तुटलेली. त्यातून एकाच जातीत लहान-मोठ्या शंखांची नक्षी बदलते, त्यामुळे एकट्या शंखावर पैज लावणं बरोबर नाही. एकाच थरातले दहा-वीस नमुने मोजले तर फरक जातीतला की जातींमधला, हे सांगता येतं.

अशा वेळी नावाच्या मधे "सीएफ." लिहितात, म्हणजे या जातीशी ताडून पाहावा असा. जवळचा पण वेगळा वाटत असेल तर "अफ.", आणि प्रजातीपुढे काहीच सांगता येत नसेल तर नुसतं "स्पी." हे लिहायला कमीपणा वाटून घेऊ नका. पुढच्या अभ्यासकाला खोट्या खात्रीपेक्षा या दोन अक्षरांचा उपयोग जास्त होतो. नवीन जात सापडली असं वाटलंच तर घरी नाव ठेवू नका. त्यासाठी मूळ नमुना एखाद्या संस्थेच्या संग्रहात जमा करून वर्णन रीतसर छापावं लागतं. आपल्याला पुण्याची आघारकर संशोधन संस्था जवळ पडते, तिथे जीवाश्मांवर काम चालतं. विचारायला जाताना समोरून, मागून, बाजूने आणि शेंड्यावरून असे चार फोटो पट्टीसकट न्या.

मावसभावाच्या शंखाच्या डबीत मी ही चिठ्ठी ठेवली: "टरिटेला सीएफ. अँग्युलाटा, सोवर्बी 1840. अबडासा, कच्छ. मायोसीन. उंची 46 मिमी, शेंडा व ओठ तुटलेले, सहाव्या वेढ्यावर भोक." खाली तारीख आणि ओळख कुणी पटवली ते. तो पुन्हा तिकडे गेला आणि त्याच थरातले आणखी नमुने मिळाले तर नाव बदलेलही. तेव्हा नवी चिठ्ठी लिहायची आणि डबीत जुनीच्या वर ठेवायची, जुनी काढायची नाही.