दिसायला देखणी, घासायला कच्ची: जुनी डिशवॉशर कशी जमवावीत

सोलापुरात पाहुण्यापुढे कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही येणारच. अशाच एका जेवणानंतर मी सगळी ताटं माझ्या जुन्या डिशवॉशरमध्ये लावली. तासाभराने झाकण उघडलं, तर चटणीचं लालसर तेल सगळ्या ताटांवर सारखं पसरलं होतं. ताटं शेवटी हातानेच घासली. तरी ते फिकट निळं, गोलसर कडांचं मशीन मला घरातल्या कुठल्याही कपाटापेक्षा प्रिय आहे. तुम्हालाही अशी मशीनं जमवायची असतील, तर आधी हे मान्य करा की भांडी स्वच्छ हवी असतील तर नवं मशीन घ्यायचं. जुनं घ्यायचं ते त्याच्या रूपासाठी आणि आतल्या कल्पकतेसाठी.

आधी ओळख करून घ्या

अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यांची कल्पना सोपी होती: ब्रशने घासण्याऐवजी पाण्याच्या जोराने धुवायचं. ताटं-कपांच्या मापाचे तारेचे कप्पे, आणि त्यांवर साबणाच्या गरम पाण्याचा मारा. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात ते यंत्र मांडलं गेलं. गिऱ्हाईक मिळालं ते मुख्यतः हॉटेलांचं. घरात ही यंत्रं रुळायला पुढे कित्येक दशकं लागली.

जमवणाऱ्याच्या हाती येतात ती साधारण १९४० ते १९७० या काळातली. त्यांतल्या बऱ्याच मशीनांत तळाशी एक छोटा पंखा असतो. तो साठलेलं पाणी वर भिरकावतो. पाणी जिथे पोचेल तिथलं धुतलं जातं, आणि एका ताटाआड दुसरं लपलं की ते तसंच राहतं. काही कंपन्यांनी वेगळे मार्ग शोधले. यंग्स्टाउनच्या ‘जेट-टॉवर’मध्ये मधोमध उभ्या नळीतून फवारे सुटत. थॉर कंपनीचं ‘ऑटोमॅजिक’ मला सगळ्यात विलक्षण वाटतं. आतलं भांडं बदललं की त्याच मशीनमध्ये कधी कपडे, कधी ताटवाट्या! चादरी-टॉवेलांच्या आपल्या गावात ते एक तरी असावं, अशी माझी फार इच्छा आहे.

शोध

सोलापूरच्या भंगारात असं मशीन मिळणं नशिबाची गोष्ट, पण भंगारवाल्याला मोबाइलवर फोटो दाखवून ठेवा. परदेशात नोकरी करून परतलेल्या कुटुंबांचं जुनं सामान मुंबई-पुण्यात निघतं. गुजरातेत अलंगला तोडलेल्या जहाजांचं स्वयंपाकघराचं साहित्य रस्त्याकडेच्या दुकानांत विकायला असतं. तिथली मशीनं मोठी आणि स्टीलची, घरगुती रंगीत मशीनचं रूप त्यांना नाही. निघण्यापूर्वी आपल्या दाराची आणि जिन्याच्या वळणाची रुंदी मोजा.

मशीन समोर आलं की आधी बॅटरी मारून आतली टाकी बघा. तिच्यावरचं इनॅमल म्हणजे लोखंडावर भाजून बसवलेली काच. टवका उडाला की तिथून गंज आत शिरतो. निचऱ्याच्या भोकाभोवती नख फिरवा. पापुद्रा निघाला तर सोडून द्या. मोटार जळलेली चालते, टाकी सडलेली चालत नाही. टायमरची मूठ, कंपनीचं नाव आणि जाळीचे कप्पे मूळचेच आहेत ना, हेही पाहा. ते पुन्हा मिळत नाहीत.

वीज

इथे घाई करू नका. अमेरिकन मशीन १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर (हर्ट्झ म्हणजे विजेची वारंवारता) चालतं, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे मोटार सुमारे सहाव्या हिश्शाने मंद फिरते आणि जास्त तापते. टायमरही तसाच रेंगाळतो, म्हणजे तासाचं चक्र ७२ मिनिटांवर जातं. मशीनच्या पट्टीवरच्या वॅटच्या दीडपट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्या. युरोपीय मशीन बहुधा आपल्या विजेला जुळतं.

जुनी वायर आणि दोन पायांचा प्लग काढून अर्थिंगसह नवी वायर टाका. आपल्याकडे यंत्रमागांमुळे मोटार रिवाइंडिंगचे कारागीर आणि बिघडलेलं बेअरिंग नुसत्या कानाने ओळखणारे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आहेत. त्यांच्याकडून मेगरने, म्हणजे वीज कुठे गळते का ते दाखवणाऱ्या मीटरने, इन्सुलेशन तपासून घेतल्याशिवाय बटण दाबू नका. हीटरजवळ करड्या कापडासारखं वेष्टन दिसलं तर ते खरवडू नका, श्वासातून घातक ठरणारा ॲस्बेस्टॉस असू शकतो.

पाणी

बरीच जुनी अमेरिकन मशीनं पाणी मापाने घेत नाहीत, ठरावीक वेळ नळ उघडा ठेवतात. त्यांना साधारण १४ मीटर उंचीच्या टाकीइतका दाब लागतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीचा दाब त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका जेमतेम. म्हणून मशीन अर्धपोटी धुतं. वरून उघडणारं मशीन असेल तर झाकणातून तांब्याने गरम पाणी ओता. हातानं भांडी घासायचं लिक्विड मात्र थेंबभरही नको, फेस दारातून बाहेर येतो.

सांभाळ

जड पाण्याचे पांढरे डाग सौम्य सायट्रिक ॲसिडने काढा, पण पाच मिनिटांत धुऊन टाका. आम्ल रेंगाळलं तर इनॅमलची चमक जाते. टवक्यांवर इपॉक्सी लावा. एमआयडीसीत पावडर कोटिंग करून नवंकोरं करण्याचा मोह होईल, तो टाळा. मूळ रंगाची खोली परत येत नाही.

एप्रिल-मेच्या झळांनी दाराचं रबर तडकतं, म्हणून त्यावर उन्हाळ्याआधी सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवावा. पंपाचं सील सुकू नये यासाठी महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यावर पाच मिनिटं चालवावं, टाकी सुती फडक्याने कोरडी पुसावी आणि झाकण बोटभर उघडं ठेवावं.