शिवारातल्या दगडावरून प्राचीन हवामान कसे ओळखावे

चंद्रपूर-यवतमाळच्या पट्ट्यात दगड पाहायला निघताना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा नकाशा सोबत घ्यावा आणि प्रत्येक खडकाच्या वयाबरोबरच, तो घडला तेव्हा ही भूमी पृथ्वीवर कोणत्या अक्षांशावर होती, याचीही नोंद करावी. ही दुसरी नोंद नसेल तर हवामानाविषयीचे अनुमान हमखास चुकते.

सुरुवात चंद्रपूरजवळच्या इरई येथील गोट्यांच्या थरापासून करावी. नदीने वाहून आणलेले गोटे गुळगुळीत आणि बहुधा आकारानुसार निवडलेले असतात. हिमनदीच्या गाळात मात्र बारीक चिकणमातीतच लहानमोठे दगड अस्ताव्यस्त रुतलेले आढळतात, त्यांच्या काही बाजू घासून सपाट झालेल्या असतात आणि त्यांवर समांतर ओरखडे दिसतात. ओरखडा ताजा व पांढुरका असेल तर तो खोदयंत्राचा समजावा. इरईचा थर अशाच हिमनदीने टाकलेला आहे. तो बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा असून, तेव्हा गोंडवन हा महाखंड दक्षिण ध्रुवाभोवती पसरलेला होता. उघड्या समुद्रापेक्षा ध्रुवाजवळच्या जमिनीवर बर्फ साचून टिकणे सोपे असते, आणि पांढरा बर्फ सूर्यप्रकाश परतवून गारठा आणखी वाढवतो.

वणी-घुग्गुसचा दगडी कोळसा त्यानंतरचा. कोळसा दिसला की उष्ण अरण्य डोळ्यांसमोर आणण्याची सवय सोडावी, कारण हा कोळसा थंड-समशीतोष्ण, दलदलीच्या प्रदेशातील ग्लॉसोप्टेरिससारख्या वनस्पतींपासून झाला आहे.

पुढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्ताच्या दक्षिणेस असताना या भूमीवर दख्खनचा लाव्हा पसरला. एखाद्या नव्या विहिरीत उतरत्या क्रमाने काळी माती, मुरूम, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे आणि अखेर अभंग काळा पाषाण पाहावा. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड या दगडाशी संयोग पावतो, त्यातून बनलेले क्षार नद्यांवाटे समुद्रात जातात आणि तिथे चुनखडकात बंदिस्त होतात; त्यामुळे उष्णता धरून ठेवणारा हा वायू हवेतून कमी होतो. भारत उत्तरेकडे सरकत विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यात आल्यावर ही झीज वेगाने होऊ लागली. पुढील काळात पृथ्वी थंड होत गेली आणि सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर मोठा हिमस्तर जमला; त्यात या झिजेचा वाटा किती, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत.

मातीतल्या चुनखडीच्या खड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यास जो फेस येतो, तो दगडात अडकलेल्या कार्बन डायऑक्साइडचाच. ही चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावी. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी जीवाश्म दिसल्यास छायाचित्र काढून तो जागीच राहू द्यावा, कारण थरातून उचललेल्या जीवाश्मावरून त्याचा काळ निश्चित करणे अवघड होते.