गाडीच्या गेममध्ये रिअ‍ॅलिझम किती ठेवायचा: आर्केडकडून सिमकडे जायचा क्रम

सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून २००५ चा नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड हा आर्केड, म्हणजे खरेपणापेक्षा मजेला आधी ठेवणारा गेम खेळलेली पोरं आता कमावती झालीत, आणि बरा पीसी घरात आला की त्यातले बरेच जण सेम टू सेम एकच गोष्ट करतात. यूट्यूबवर कोणीतरी स्टिअरिंग लावून जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकचा लॅप (एक पूर्ण फेरी) मारताना बघतात, सेल लागला की असेटो कोर्सा हा सिम, म्हणजे खऱ्या गाडीसारखं वागणारा सिम्युलेटर गेम घेतात, जोशात सगळ्यात महागडी फेरारी निवडतात आणि कीबोर्डच्या ॲरो कीज दाबून पहिल्याच वळणावर गरगर फिरतात. दोन-तीन दिवस हाच तमाशा, मग "जाऊदे, सिम आपल्याच्यानं होणार नाही" म्हणून अनइन्स्टॉल.

यात गेम वाईट नाही आणि खेळणाराही मठ्ठ नाही, फक्त क्रम उलटा झालाय. रिअ‍ॅलिझम हे काही चालू-बंद करायचं एकच बटण नाही. गाडी रस्त्यावर कशी वागते हा एक भाग, गेम गुपचूप किती मदत करतो हा दुसरा, चुकलात तर शिक्षा काय मिळते हा तिसरा आणि तुम्ही बघता कुठून नि चालवता कशाने हा चौथा. चारही वेगवेगळे कमीजास्त करता येतात. माझं सरळ म्हणणं असं की सुरुवात शिक्षेपासून करा, मग मदती काढा, मग खरं फिजिक्स असलेला गेम घ्या आणि स्टिअरिंग व्हीलवर पैसे सगळ्यात शेवटी घाला.

यात नवीन काही नाही म्हणा. जेफ क्रॅमंडचा फॉर्म्युला वन ग्रां प्री हा गेम १९९१ ला आला, त्यातच एफ-१ ते एफ-६ या कीजवर सहा मदती होत्या: आपोआप ब्रेक, आपोआप गिअर, गाडी फिरली तर सरळ करून देणं, गाडीला काहीच न होणं, गाडी कुठून न्यायची ते दाखवणारी रस्त्यावरची आदर्श लाइन आणि पुढच्या वळणाला कुठला गिअर हवा ते सांगणं. लेव्हल वाढली की मदती कमी. आजच्या गेममधलं डिफिकल्टीचं पान उघडून बघा, बरंचसं तेच सापडेल. आणि नीड फॉर स्पीडला जे नावं ठेवतात त्यांच्यासाठी, १९९४ चा पहिला भाग रोड अँड ट्रॅक या गाड्यांच्या मासिकाला बरोबर घेऊन केलेला होता, नायट्रो (अचानक वेग वाढवणारा बूस्ट) आणि निऑन लाइटचा धुडगूस खूप नंतरचा.

आधी तुमचा गेम कुठे बसतो ते तपासा

बॉक्सवर काय लिहिलंय ते सोडा. एक गाडी घ्या, एक वळण घ्या. पहिल्यांदा वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक मारा, हळूहळू सोडा, नीट वळा आणि बाहेर पडताना स्पीड किती ते बघा. दुसऱ्यांदा फुल स्पीडने आत घुसा, ब्रेकला नुसती टिचकी द्या, गाडी आडवी करा आणि परत स्पीड बघा. आडवी सरकवून जास्त स्पीड मिळाला तर गेम आर्केड. २०१० चा नीड फॉर स्पीड हॉट पर्सूट याचं अस्सल उदाहरण, ब्रेकची टिचकी मारली की गाडी लांबलचक ड्रिफ्ट घेते आणि वर त्याचं बक्षीसही मिळतं.

खऱ्या गाडीत असं होत नाही कारण टायरकडे पकड ठरावीक असते, आणि ती ब्रेक आणि वळण या दोघांना वाटून घ्यायची असते. सगळी ब्रेकलाच खर्च केली की वळायला काही उरत नाही, मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर सरळ जाणार. डांबरी ट्रॅकवर टायर घसरवणं म्हणजे वेळ घालवणं. सिममध्ये हाच हिशोब सतत चालू असतो. फोर्झा होरायझन ५ सारखे गेम मधे बसतात, हिशोब असतो पण उधारीवर, चूक केलीत तरी गाडी बरंच सांभाळून घेते. सुरुवात करायला मला तरी हा मधला गटच बरा वाटतो.

आता शिक्षा चालू करा, यात एक रुपयाही जात नाही

रिवाइंड, म्हणजे चूक झाली की वेळ मागे नेऊन परत खेळायची सोय, बंद. बाकी काही नाही केलंत तरी चालेल पण हे करा. कोडमास्टर्सच्या २००८ च्या रेस ड्रायव्हर ग्रिडमध्ये फ्लॅशबॅक नावाने रिवाइंड आला तेव्हा तो एका शर्यतीत मोजकेच वेळा वापरता यायचा, त्यामुळे जपून वापरावा लागे. फोर्झा होरायझनमध्ये ती मोजदादच गेली. म्हणजे कॅरममध्ये सोंगटी हुकली की प्रत्येक वेळी स्ट्रायकर परत हातात, मग नेम धरायची गरजच काय राहिली?

रिवाइंड बंद करून फोर्झामध्येच एक पाच लॅपची शर्यत खेळून बघा. चौथ्या लॅपला तुम्ही दुसऱ्या नंबरवर आहात, पुढची गाडी हातभर अंतरावर, आणि वळण जवळ येतंय. मगाशी इथे बिनधास्त आत घुसवली असती, आता बोट कंट्रोलरच्या ट्रिगरवरून (तोच ॲक्सिलरेटर) आपोआप लवकर उठतं कारण चुकलं तर चार लॅपची मेहनत पाण्यात. हातांना घाम येतो तो इथे. गेम तोच, गाडी तीच, टायरचा हिशोब तोच, फक्त परिणाम खरे झालेत. सिमची निम्मी नशा याच भीतीत आहे आणि ती तुमच्या आर्केड गेममध्ये आधीपासून पडून आहे.

सोबत डॅमेज नुसतं दिसण्यापुरतं असतं ते खरं करा, म्हणजे भिंतीला घासली की गाडी एका बाजूला ओढायला लागेल. आणि रिस्टार्ट न मारायचा नियम स्वतःच घालून घ्या, शेवटचे आलात तर शेवटचे, शर्यत पूर्ण करायची.

मदती एकेक करून काढा, आणि एबीएस शेवटी

सगळ्या एकदम बंद करू नका, गाडी का फिरली तेच कळणार नाही. माझा क्रम असा. पहिली रस्त्यावरची रंगीत लाइन. आधी ती फक्त ब्रेकिंगपुरती ठेवा, मग पूर्ण काढा. लाइन असली की डोळे तिच्यावरच चिकटतात आणि रस्ता बघायचाच राहतो. ती गेली की ब्रेकिंगच्या खुणा स्वतः शोधाव्या लागतात, शंभर मीटरचा बोर्ड, एखादं झाड, डांबरावरचा जोड, काहीही. त्यानंतर स्टिअरिंगला गेम देत असलेला हात. मग गिअर मॅन्युअल करा, क्लच ऑटो असू द्या. मग स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी गरगर फिरू न देणारा), मग ट्रॅक्शन कंट्रोल (ॲक्सिलरेटर दाबल्यावर चाकं जागच्या जागी घसरू न देणारा). एक काढली की लॅप टाइम बिघडणारच, तो परत पहिल्यासारखा येईपर्यंत पुढची काढायची नाही.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, शेवटी का, तर खऱ्या गाडीत चाक लॉक झालं की पायाला आणि पार्श्वभागाला कळतं, कंट्रोलरवर फक्त आवाज आणि थोडी थरथर. माहितीच कमी मिळते, तेव्हा एबीएस ठेवला तर त्यात कमीपणा काही नाही.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी कारण ऑनलाइन लोक यावरून उगाच अक्कल शिकवतात. सगळं बंद म्हणजे जास्त रिअल, असं नसतं! असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या पुढच्या गेममधल्या जीटी३ वर्गाच्या रेसिंग गाड्यांना खऱ्या आयुष्यातही एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल असतो, त्यावर पोट असलेले ड्रायव्हरसुद्धा तो वापरतात. तिथे तो बंद करणं म्हणजे स्टंट झाला. जुन्या असेटो कोर्सात यासाठी फॅक्टरी नावाचा पर्याय आहे, खऱ्या गाडीत जे आहे तेच मिळणार. नवीन गाडी घेतलीत तर एबीएस आहे, साठच्या दशकातली लोटस ४९ ही रेसिंग कार घेतलीत तर काहीच नाही, देवाचं नाव घ्या.

सिम उघडलं की छोटी गाडी, छोटा ट्रॅक

फेरारी राहू द्या. असेटो कोर्सात अबार्थ ५०० घ्या आणि इटलीतल्या मजोने ट्रॅकवर प्रॅक्टिस लावा. ताकद कमी, पुढची चाकं ओढणारी गाडी, घाई केली की फिरत नाही, नुसती रुंद जाते, म्हणजे चूक समजायला वेळ मिळतो. ट्रॅक जेमतेम अडीच किलोमीटरचा असल्याने चुकलेलं वळण लगेच परत समोर येतं. नुर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक २०.८ किलोमीटरचा, तिथे एक वळण चुकलं की ते परत यायला नवख्याला सहज दहा मिनिटं लागतात, तोवर आपण काय चुकलो तेच विसरलेलं असतं.

कीबोर्ड मात्र इथे सोडाच. की एकतर दाबलेली असते नाहीतर नसते, निम्मा ब्रेक नावाची गोष्टच तिथे नाही, आणि सिम म्हणजे बरंचसं निम्म्या ब्रेकचंच काम. साधा एक्सबॉक्स टाइप कंट्रोलर पुरतो कारण त्याचे ट्रिगर थोडे थोडे दाबता येतात. सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघा. स्पीड सेन्सिटिव्हिटी वाढवली की जास्त वेगात कंट्रोलरची काडी (अंगठ्याची स्टिक) थोडी हलली तरी चाक एकदम वळत नाही. गॅमा वाढवला की मधल्या भागात स्टिअरिंग मवाळ होतं, सरळ रस्त्यावर गाडी लुटूलुटू करायची थांबते. फिल्टर अंगठ्याचे झटके गुळगुळीत करतो पण जास्त ठेवला तर गाडी उशिरा ऐकते. एकावेळी एकच बदला. कंट्रोलरही नसेल तर लाइव्ह फॉर स्पीडचा फुकट डेमो माऊसने चालवून बघा, जुन्या लॅपटॉपवरही निघतो आणि माऊसने स्टिअरिंग थोडं थोडं फिरवता येतं.

मातीत खेळायची हौस असेल तर २०१५ चा डर्ट रॅली. रिवाइंड नाही, लाइन नाही, शेजारी बसलेला को-ड्रायव्हर आकडे ओरडतो, एक म्हणजे फार तीव्र वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. मिनी कूपरने सुरू करा आणि पहिले काही दिवस फक्त कान उघडे ठेवून स्टेज पूर्ण करायची, वेळ बघायचीच नाही. इथे मात्र टायर न घसरवण्याचा मगाचचा नियम थोडा बदलतो, खडीवर गाडी थोडी आडवी घ्यावीच लागते.

कॅमेरा आणि एफओव्ही

गाडीच्या मागून दिसणारा कॅमेरा आर्केडसाठी झकास, सिममध्ये आत बसा. मग फील्ड ऑफ व्ह्यू (एफओव्ही), म्हणजे स्क्रीनवर किती अंशांचा कोन दिसतो ते. आर्केड गेम तो मुद्दाम रुंद ठेवतात, नायट्रो मारला की आणखी रुंद करतात, त्याने कडेची झाडं सपासप जातात आणि ८० चा स्पीड १५० वाटतो. मजा येते पण अंतराचा अंदाज पार बोंबलतो, वळण दिसतं त्याहून जवळ असतं.

खरा आकडा मॉनिटरच्या साइजवर आणि तुम्ही किती लांब बसता त्यावर ठरतो. २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटीमीटर रुंद आणि ३० उंच. ६० सेंटीमीटरवर बसलात तर आडवा कोन येतो ४८ अंशांच्या आसपास आणि उभा २८ च्या. असेटो कोर्सा उभा कोन विचारतो हे लक्षात ठेवा, तिथे ४८ टाकून "काही फरकच पडला नाही" म्हणणारे पुष्कळ. २८ वर पहिल्यांदा गुदमरायला होतं, आरसे दिसत नाहीत, शेजारची गाडी दिसत नाही, वेगही मेल्यासारखा वाटतो. ३५ ते ४० च्या मधे तडजोड करा आणि मॉनिटर जमेल तितका पुढे ओढा. ब्रेकिंग पॉइंट दोन दिवसांत सुधारलेले दिसतील.

वेग नकोच असेल तर

रिअ‍ॅलिझम म्हणजे रेसिंगच असं कोणी सांगितलंय? युरो ट्रक सिम्युलेटर २ हा २०१२ चा गेम अजून जोरात चालतो, आणि त्यात ट्रॅफिकचा दंड, थकवा, ट्रेलरची स्थिरता, ब्रेकची तीव्रता सगळं वेगवेगळं कमीजास्त करता येतं, म्हणजे वर सांगितलेला क्रम इथेही जसाच्या तसा लागू. आपल्या लोकांनी ब्रिटनमधून सुरू करावं, तिथे गाड्या डावीकडून चालतात, उजव्या बाजूचं स्टिअरिंग असलेली केबिन घेतली की घरचं वाटतं. रात्री जेवण झाल्यावर पावसात वायपर लावून एक ट्रिप मारायची, ट्रेलर रिव्हर्समध्ये लावताना जी फजिती होते ती कुठल्याच रेसिंग गेममध्ये होत नाही.

व्हील घ्यायचंच असेल

वरचं सगळं करून महिनाभर अजूनही रोज खेळताय, तर घ्या. लॉजिटेकच्या जी२९ सारखं ९०० अंश फिरणारं व्हील बहुतेकांना पुरतं. फोर्स फीडबॅक (मोटरने व्हील ओढून रस्ता हाताला जाणवून देणं) फुल ठेवू नका, मोटर आधीच कमाल जोर लावत असेल तर जास्त जोराचा झटका वेगळा कळणारच नाही, सगळं सारखंच जड लागेल. टेबल हलकं असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा, आणि चाकांची खुर्ची असेल तर ब्रेक मारला की तुम्हीच मागे जाल, चाकं अडवा.

सेकंडहँड घेताय तर विकणाऱ्याच्या घरी लॅपटॉप घेऊन जा. प्लग लावल्यावर व्हीलने स्वतःहून दोन्ही बाजूंना पूर्ण फिरून मधे यायला हवं. मग विंडोजची गेम कंट्रोलर्सची खिडकी उघडा आणि ब्रेक अगदी सावकाश दाबा. पट्टी एकसारखी सरकली तर ठीक. मधेच उड्या मारत असेल तर पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ गेलीये, काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बरेचदा सुटतं, पण ते विकणाऱ्याला लगेच सांगू नका, आधी भाव पाडून घ्या.