चारचौघांत उठून बोलायची भीती पायरीपायरीने कशी घालवावी

सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीच्या गळतीचा विषय निघतो. ठेकेदार कुठे चुकला हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, पण हात वर जात नाही. घसा कोरडा पडतो, छाती धडधडते, आणि जिना चढताना सगळं बोलणं सुचतं. ऑफिसात हेच होत राहिलं की काम तुमचं आणि नाव दुसऱ्याचं. "हिंमत कर" असं सांगून ही भीती जात नाही. सरावाने जाते, पण तो सराव नीट आखावा लागतो.

भीती टिकून राहते ती सुटकेमुळे. उठायची वेळ आली की अंगात अ‍ॅड्रेनालिन उसळतं. तुम्ही गप्प बसता, धडधड ओसरते, आणि मेंदू नोंद करतो: गप्प बसलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी गप्प बसणं आणखी सोपं जातं. त्यामुळे धडधड चालू असतानाच बोलायचं. ती थांबायची वाट पाहिलीत तर सभा संपेल.

एक वही घ्या आणि बोलण्याचे सात-आठ प्रसंग लिहून प्रत्येकापुढे भीतीचा आकडा टाका, ० ते १००. ही मोजपट्टी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची. दुकानात "हा नको, दुसरा दाखवा" म्हणणं २०, भरल्या एसटीत कंडक्टरला मोठ्याने थांबा विचारणं ३०, मिटिंगमध्ये एक प्रश्न ४५, पालकसभेत दोन वाक्यं ५५, मंडळाच्या आरतीनंतर माइकवरून सूचना ७०, वार्षिक सभेत तीन मिनिटं ९०. आकडे तुमचे तुम्ही ठरवा. सुरुवात ३०च्या आसपास करा. एकदम ९०ला हात घालणारे बहुतेक अर्ध्यातून परत फिरतात, आणि भीती ऐन भरात असताना माघार घेतली की ती आणखी घट्ट होते. एकेक पायरी आठवड्यात चार-पाच वेळा करा. महिन्यातून एकदा केलेल्या सरावाने काही हलत नाही.

प्रत्येक वेळी आधी एक ओळ लिहा: नेमकं काय होईल असं वाटतंय? "वाईट होईल" असं लिहून चालणार नाही, कारण ते तपासता येत नाही. "आवाज कापेल आणि दोघं तरी हसतील" असं लिहा. परत आल्यावर खाली काय झालं ते लिहा: "आवाज कापला. कुणी हसलं नाही. शेजारच्या काकूंनी त्याच मुद्द्यावर पुढचा प्रश्न विचारला." आमच्या मते अख्ख्या पद्धतीत ही ओळ सर्वांत मोलाची. धडधड कमी झाली नाही तरी चालेल. भाकीत सलग तीन-चार वेळा खोटं ठरलं की पुढची पायरी घ्या.

सराव करूनही फरक पडत नसेल तर लपलेल्या कुबड्या शोधा: अख्खं भाषण कागदावरून वाचणं, भराभर बोलून मोकळं होणं, नजर टेबलावर ठेवणं, हातात पाण्याची बाटली घट्ट धरणं. प्रसंग निभावला तरी श्रेय कुबडीला जातं. एका वेळी एकच सोडा. कागदावर तीनच शब्द ठेवा, उदाहरणार्थ 'गळती, खर्च, मुदत'. नजर समोरच्या एका चेहऱ्यावर ठेवा आणि तो काय ऐकतोय याकडे लक्ष द्या. लक्ष स्वतःच्या छातीकडे वळलं की धडधड दुप्पट ऐकू येते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९३३मध्ये, १९व्या वर्षी, स्वतःवर हाच प्रयोग केला. अनोळखी स्त्रियांशी बोलायची त्यांना भीती वाटे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभरात ते बाकावर बसलेल्या १३० जणींशेजारी जाऊन बसले. ३० जणी उठून गेल्या, बाकी १०० जणींशी ते बोलले. पुढे त्यांनी त्रास देणारे अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली.

भीतीपायी घराबाहेर पडणंच बंद झालं असेल किंवा बोलण्याआधी दारू लागत असेल, तर वहीवर विसंबू नका. १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याव्या लागतात. जुलैत सुरुवात केलीत तर मधल्या पायऱ्यांना पुरेसा वेळ मिळतो, आणि माइकची पायरी गणपतीत आपोआप समोर येते. सभेत बोलता बोलता पुढचं विसरलात तर माफी मागू नका. श्वास सोडा, आत्ताचं शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा आणि कागदावरचा पुढचा शब्द पाहा. ते तीन सेकंद तुम्हाला फार लांब वाटतील, ऐकणाऱ्यांना तुम्ही मुद्द्यावर जोर देताय असं वाटेल.