कार्डाचं बिल झेपेना? घाबरून या चुका करू नका

यंदा सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर पूर्व भागातले एक टॉवेल कारखानदार माझ्याकडे आले. मी यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहिते. त्यांनी पिशवीतून जीएसटीच्या कागदांखालून तीन क्रेडिट कार्डांची बिलं काढली आणि दाराकडे बघत हळूच म्हणाले, "ताई, घरी कुणाला माहीत नाही." पार्टीचं पेमेंट अडकलं होतं, तेव्हा त्यांनी कार्डावरून रोख काढून कामगारांचा पगार भागवला होता. मग बायकोच्या पाटल्या 'पॉलिशला नेतो' म्हणून नेल्या, सोनेतारण ठेवल्या आणि एका कार्डाचं बिल भरलं. दोन महिन्यांत ते कार्ड पुन्हा तेवढंच चढलं. पाटल्या अजून तिकडेच आहेत.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

विनातारण कर्जाला तारण देणं

कार्डाचं कर्ज विनातारण असतं. ते थकलं तर बँकेला दिवाणी दावा लावावा लागतो, हुकूमनामा मिळवावा लागतो. सोनं गहाण टाकलंत आणि पैसे फिटले नाहीत, तर थेट लिलाव होतो. घर गहाण टाकलंत तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक कोर्टात दावा न लावताही ताब्याची कारवाई सुरू करू शकते. पगार पक्का असेल, शेवटच्या हप्त्यापर्यंतचा हिशेब कागदावर जुळत असेल आणि कार्ड कापून टाकणार असाल, तर कमी व्याजाचं सोनेतारण जरूर घ्या. पण उत्पन्नच आटलं असेल तर पाटल्या कपाटातच राहू द्या. खासगी सावकाराच्या तर वाटेलाच जाऊ नका. परवान्याशिवाय सावकारी करणं महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

किमान रक्कम भरत राहणं

बिलावरची 'किमान देय रक्कम' बघून जीव भांड्यात पडतो. जरा हिशेब करू. थकबाकी १,००,००० रुपये, व्याज दरमहा ३.५ टक्के. म्हणजे व्याज ३,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये. तुम्ही ५ टक्के, म्हणजे ५,००० भरलेत, तर मुद्दल कमी झालं फक्त ८७० रुपयांनी. एका कार्डावरून रोख काढून दुसरं भरणं त्याहून वाईट. रोख रकमेवर शुल्क लागतंच, शिवाय व्याजही पहिल्या दिवसापासून.

'३० टक्क्यांच्या वर व्याज बेकायदेशीर आहे' असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा तसा २००८ चा निकाल होता, पण सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

फोन बंद करून बसणं

उत्पन्न घटल्याचं बँकेला आपणहून ईमेलने कळवा. कार्ड बंद करायला सांगा, थकबाकीचे हप्ते पाडून मागा. झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा. आधी किराणा, लाइटबिल, मुलांची फी, कामगारांचा पगार, मग कार्ड. पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर करारातल्या हक्काने बँक त्यातून थकबाकी वळती करून घेऊ शकते, तेही तपासा.

वसुलीवाल्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ करणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी करणं हेही रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. दारात आला तर ओळखपत्र आणि बँकेचं पत्र मागा. निव्वळ पैसे नाहीत म्हणून अटक होत नाही. पण त्याच्या दबावाखाली पुढच्या तारखांचे चेक मात्र देऊ नका. चेक वटला नाही तर चेकसंबंधीच्या कायद्याचं कलम १३८ लागतं, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे साधी थकबाकी आपल्याच सहीने फौजदारी होते.

तोंडी सेटलमेंट

इथे मी स्वतः चुकले आहे. धाकट्या भावाच्या कार्डाच्या वेळी वसुलीवाला म्हणाला, "आज एवढे भरा, फाइल बंद." आम्ही भरले, पत्र घेतलं नाही. दीड वर्षाने दुसऱ्याच एजन्सीचा फोन आला, उरलेली रक्कम व्याजासकट मागत. भावाकडे दाखवायला होती ती फक्त एक पावती.

तेव्हा आधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि 'यात संपूर्ण थकबाकी मिटली' हे लिहून घ्या. पैसे कार्डाच्या खात्यातच भरा, माणसाच्या हातात किंवा त्याच्या यूपीआयवर नाही. नंतर नो-ड्यूजचं, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र घ्या. सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा येतो आणि पुढची काही वर्षं नवं कर्ज मिळणं अवघड जातं, हे धरूनच चाला.

लोकअदालतीची नोटीस आली तर फाडून टाकू नका. तिथे तडजोड करायचीच अशी सक्ती नाही. मात्र सही केलीत तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. सही करण्याआधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारून घ्या. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बँकेने ३० दिवसांत तक्रारीचं उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी १४४४८ या फोन नंबरवर माहिती मिळते.

ते कारखानदार पुढच्या खेपेला बायकोला घेऊन आले. पाटल्यांचं ऐकून त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग बिलांची चळत स्वतःकडे ओढून घेत विचारलं, "यातलं पहिलं कुठलं?"