बाल्कनीतला अँटेना आणि घरातली खरखर: चोर कसा पकडावा

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा नेरूळच्या सिडको बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या हॅमला (हौशी रेडिओवाल्याला) गच्ची मिळेलच असं नाही. मग बाल्कनीत मीटरभर व्यासाचा लूप, म्हणजे गोल कड्यासारखा अँटेना, उभा राहतो, रेडिओ ७ मेगाहर्ट्झवर लागतो आणि ऐकू येते ती फक्त खरखर. लगेच मोठ्या अँटेनाच्या मागे लागू नका. चोर बहुतेक वेळा घरातच असतो.

आधी रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या. मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) किती दाखवतो ते लिहून ठेवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. (घरच्यांना विचारून. मालिकेच्या वेळी तर नकोच.) इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. एक एस-युनिट म्हणजे ६ डेसिबल, त्यामुळे काटा ८ वरून ५ वर आला तरी गोंगाटाची पॉवर साठपटीहून जास्त उतरली. काटा हललाच नाही, तर उगम बहुधा शेजारी किंवा लिफ्टच्या मशीनरूममध्ये आहे.

आता मेन चालू करून एमसीबी एकेक करून वर करा. ज्याने काटा चढेल त्या खोलीतले प्लग एकेक काढा. माझा संशय एसीवर होता, निघाला राउटरचा अडॅप्टर! चार्जर, एलईडी दिवे, बीएलडीसी पंखे, सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडली-जोडली जाते. तिचे हार्मोनिक्स, म्हणजे त्या वेगाच्या पटीतल्या लहरी, मेगाहर्ट्झपर्यंत चढतात आणि घरातलं वायरिंगच त्यांचा अँटेना होतं. छोटा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधे लावून वस्तूंजवळ फिरवला तरी बरंच कळतं.

सापडलेला अडॅप्टर बदलणं सर्वांत स्वस्त. बदलता येत नसेल तर त्याची वायर ३१ नंबर मटेरियलच्या फेराइट रिंगवर (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय कड्यावर) सहा-सात वेढे गुंडाळा. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो. वायर एकदाच ओवलेली फेराइटची क्लिप ७ मेगाहर्ट्झवर फारशी कामाची नाही, दुकानदार काहीही म्हणो. लूपजवळ कोएक्सलाही (रेडिओ आणि अँटेना जोडणाऱ्या केबललाही) अशीच रिंग हवी, कारण घरातला गोंगाट कोएक्सच्या जाळीच्या बाहेरून थेट अँटेनापर्यंत पोचतो. हे बहुतेक जण विसरतात.

मग लूप फिरवा. सिग्नल मोठा होण्यासाठी नाही, गोंगाट लहान होण्यासाठी. लूपचा चेहरा, म्हणजे त्यातून आरपार दिसणारी दिशा, गोंगाटाकडे आली की तो झपकन पडतो. दूरचं स्टेशन आकाशातून तिरकं येत असल्यामुळे तितकं पडत नाही. ग्रिलपासून जमेल तेवढं अंतर ठेवा.

शेजाऱ्याचा चार्जर निघाला तर तक्रार घेऊन जाऊ नका, रेडिओ घेऊन जा आणि खरखर ऐकवा. सोबत एक चांगला अडॅप्टर न्या. लिफ्टच्या पॅनेलला मात्र हात लावू नका, सेक्रेटरींमार्फत मेंटेनन्सवाल्यांना सांगा.

लूप हाताने फिरवताना पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबायचं नाही. दहा वॉटलाही लूपच्या कपॅसिटरवर हजार व्होल्टच्या पुढे दाब चढतो.